नामावळी व स्त्रियांचा वंशशोध
तीर्थोपाध्यायांनी आपल्या यजमानांच्या कुळांविषयी ठेवलेल्या नोंदवह्यांना नामावळी म्हणतात. नाशिक येथे गोदावरीतीरी अस्थिविसर्जन, श्राद्ध किंवा दर बारा वर्षांनी येणारे सिंहस्थस्नान यांसाठी आलेल्या यजमानाचे नाव, आडनाव, ज्ञाती व गाव, तसेच त्याचे पूर्वज, भाऊ व मुलगे यांची नावे तीत लिहून घेण्याची प्रथा आहे. जुन्या नोंदी बव्हंशी मोडी लिपीत आहेत. वंशशोधाचे हे महत्त्वाचे साधन असले, तरी त्याची रचना पुरुषवंशानुसारी आहे.

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण स्त्रीचे माहेर शोधणे त्यामुळे कठीण जाते. विवाहानंतर तिचे आडनाव आणि पुष्कळदा नावही बदलत असे. देवराष्ट्रे (सध्याचा सांगली जिल्हा) येथील कुर्लेकर घराण्यातील यमुना ही १८७३ मध्ये निफाड (नाशिक जिल्हा) येथे जन्मलेल्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर रमाबाई (१८६२–१९२४) झाली. रमाबाईंनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. सामान्य शेतकरी स्त्रीच्या बाबतीत असे साधन सहसा नसते.

सरकारी दप्तरातही तिचा माग क्षीण होतो. मुंबई इलाख्यातील १८७४ च्या वतन कायद्याला १८८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वतनाच्या वारसाहक्कात स्त्रियांना कुटुंबातील पुरुष वारसांच्या मागे ठेवले. साहजिकच वतनासाठी तयार झालेल्या वंशावळींत मुलींना स्थान देण्याचे कारण उरले नाही. अमेरिकेच्या जनगणनेतही १८५० पूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव नोंदले जाई. त्या वर्षापासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले, तथापि विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव त्यातही नसे. ग्रामीण स्त्रीचा वंशशोध दोन्हीकडे अडतो तो याच ठिकाणी.

मात्र श्राद्धविधीतच या अडचणीवर एक उपाय आहे. तीर्थश्राद्धात पित्याकडील तीन पिढ्यांबरोबर आई, आजी व पणजी यांचा आणि मातामहाकडील तीन पुरुषांचा सपत्नीक उच्चार होतो. म्हणून स्त्रीच्या माहेरचा शोध तिच्या पतीच्या नोंदीपेक्षा तिच्या मुलाने केलेल्या श्राद्धाच्या नोंदीतून घेणे अधिक फलदायी ठरते. ही नावे वहीत उतरली असल्यास तिचे वडील, आजोबा व पणजोबा कळतात. त्यांच्या आडनावावरून व गावावरून माहेरच्या घराण्याची स्वतंत्र नोंद शोधता येते. तेथे तिच्या भावांची नावे जुळल्यास संबंध दृढ होतो.

जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यावर मोडी दप्तरांचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास आले. मोडी वाचणारे थोडे आणि कागद जीर्ण, अशा स्थितीत या वह्यांचे जतन निकडीचे ठरते. त्यांतील एखादे पान नष्ट झाले, तर पुरुषाचा वंश अन्य कागदांतून सापडू शकतो. स्त्रीच्या माहेरचा दुवा मात्र कायमचा तुटण्याचा संभव असतो.