‘तू येतोस’मधला ‘स’

गेल्या वर्षी बाप्पांचे विसर्जन झाले आणि पंधरवड्याच्या आत आमच्या घरी जर्मन भाषेचे आगमन झाले. आमची थोरली नर्सिंग पुरे करून जर्मनीला जायचे म्हणते. पहिल्याच धड्यात गाडी अडली ती क्रियापदावर. ‘येणे’ म्हणजे ‘कोमेन’. पण ‘मी येते’ला ‘इश् कोमे’, ‘तू येतोस’ला ‘डू कोम्स्ट’ आणि ‘तो येतो’ला ‘एर कोम्ट’. “बाबा, कर्ता सांगितला ना एकदा? मग क्रियापद कशाला बदलायचं?” आम्ही पडलो डिप्लोमावाले, त्यात निम्मे आयुष्य सरकारी कचेरीत गुजराती फायली लिहिण्यात गेलेले. उत्तर सुचेना. म्हणून वडिलांच्या कपाटातले जुने मराठी व्याकरण काढले, आणि त्या निमित्ताने आपल्या सुरतेचाच एक माणूस नव्याने भेटला.

दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४, मुंबई. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली छापून आले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. पण हेच दादोबा पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि १८४४ साली दुर्गाराम महेताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमचे गुजराती सहकारी महेताजींचे नाव आदराने घेतात. दादोबांचे नाव आपण तरी घ्यायला हवे होते.

संस्कृत व्याकरणात ‘प्रथमपुरुष’ म्हणजे ‘तो’, आणि ‘मी’ हा उत्तमपुरुष, शेवटी येणारा. आपल्या मराठी व्याकरणात मात्र ‘मी’ पहिला, ‘तू’ दुसरा, ‘तो’ तिसरा. ही मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची. जर्मन पुस्तकातले कोष्टकही त्याच क्रमाचे असते. मग आम्ही वहीत दोन रकाने पाडले. येतोस, कोम्स्ट. दोन्हीकडे ‘स’! संस्कृतातले ‘गच्छसि’ आठवा. हा ‘स’ तिन्ही भाषांत एकाच जुन्या घरातून आलेला आहे. जर्मनमधला शेवटचा ‘ट’ नंतरचा; ‘डू’ हे सर्वनाम क्रियापदाला चिकटून तो आला. ‘असणे’ तर आणखी जवळचे: ‘अस्ति’ला ‘इस्ट’, ‘सन्ति’ला ‘झिंट’.

इथे मुलीने आम्हाला पकडले. “पण बाबा, आपण घरी ‘तू येतोस’ कुठे म्हणतो? ‘तू येतो का’ म्हणतो.” खरेच होते. गुजरातीत ‘तुं आवे छे’ आणि ‘ते आवे छे’, क्रियापद एकच. पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहून आपला ‘स’ तापीत केव्हा बुडाला ते कळलेच नाही. आजी म्हणायची, आई अर्धवट म्हणायची, आम्ही म्हणत नाही. परक्या भाषेचे रूप समजावून द्यायला आम्ही घरचे रूप शोधत होतो, आणि ते घरात नव्हतेच.

आणि गंमत अशी की, रूपे घोकण्याची ही देवाणघेवाण जर्मनांशी फार जुनी आहे. गेओर्ग ब्यूलर हा जर्मन पंडित १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आला. पुढे तो गुजरातचा शिक्षण निरीक्षक झाला. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होता. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात पुण्याची मुले जर्मन माणसाकडून संस्कृत शिकत होती! दोघांनी मिळून मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. रा. गो. भांडारकरांच्या पहिल्या आणि दुसऱ्या संस्कृत पुस्तकावर आपल्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. ब्यूलर व्हिएन्नाला प्राध्यापक झाल्यावर १८८३ साली त्याने तिकडच्या नवशिक्यांसाठी संस्कृतचे पुस्तक लिहिले: थोडी थोडी रूपे, लगेच वाक्यांचा सराव. भांडारकरांना १८८५ साली गटिंगेन विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली आणि पुढच्याच वर्षी ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. तेव्हा ‘अस्मि, असि, अस्ति’ घोकणारे जर्मन विद्यार्थी होतेच. आज आमच्या स्वयंपाकघरात ‘बिन, बिस्ट, इस्ट’ चालू आहे.

आदरार्थी रूप मात्र तिला लगेच पटले. जर्मनमध्ये मोठ्या माणसाला ‘झी कोमेन’, म्हणजे अनेकवचन. आपण ‘काका येतात’ म्हणतो तसेच. रुग्णाला ‘डू’ म्हणायचे नाही, एवढे तिने पहिल्याच दिवशी लिहून ठेवले.

दोन रकान्यांचा तो कागद फ्रिजवर लावलेला आहे. धाकटा “ताई, तू येते का” म्हणाला की ती बोट दाखवते. सध्या भूतकाळ चालू आहे. तिथे ‘कोमेन’चे एकदम ‘काम’ होते. का, म्हणून तिने विचारले. आम्ही म्हटले, आधी ‘येणे’चे ‘आला’ का होते ते शोधू. जुने व्याकरण पुन्हा कपाटातून निघाले आहे.