आंबील आणि आंबवलेला चहा

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सौंदड हे गाव लागते. मुलूख सारा धानाचा; चहाचे झुडूप येथे औषधालाही सापडायचे नाही. तरी चहा मात्र येथेही घरोघर उकळतो. आता शहरांतून त्याच चहाचा एक आंबट भाऊबंद 'कोंबुचा' या नावाने बाटल्यांत मिळू लागला आहे, आणि तो पचनापासून कर्करोगापर्यंत सर्वांवर गुणकारी असल्याचे सांगितले जाते. तेव्हा या पाहुण्याचे कूळ-मूळ पाहून घेतलेले बरे.

करण्याची रीत सोपी आहे. साखर घातलेल्या थंड चहात एक जाड साय सोडतात व आठदहा दिवस ठेवतात. किण्व साखरेचे मद्य करते, जिवाणू त्या मद्याचे आम्ल करतात. थोडे मद्य मागे उरतेच.

इ. स. 414 मध्ये 'कोंबू' नावाच्या कोरियन वैद्याने जपानच्या सम्राटाला या पेयाने बरे केले, अशी कथा सांगतात. तिला आधार नाही. गंमत अशी, की जपानात 'कोंबुचा' म्हणजे समुद्रशेवाळाचा चहा! हे पेय खरोखर घराघरांत रुजले ते रशियात, आणि तेथून जर्मनीत गेले. 1913 साली लिंडाऊ या जर्मन शास्त्रज्ञाने त्या सायीला शास्त्रीय नाव दिले. त्याच सुमारास मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाच्या लेखनामुळे आंबट दह्याने आयुष्य वाढते, ही कल्पना युरोपभर पसरली होती. 1908 चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हे गृहस्थ स्वतः 71 व्या वर्षी वारले.

कीर्तीची दुसरी बाजूही आहे. 1995 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हे पेय रोज घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातील आम्ल एकाएकी वाढले. त्यांतली एक दगावली. दोष पेयाचाच, हे निर्विवाद सिद्ध झाले नाही. पण सरकारी आरोग्य खात्याला लोकांना सावध करावे लागले. उलट 2023 साली जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या एका प्रयोगात मधुमेह्यांची उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. मात्र त्या प्रयोगात माणसे होती अवघी 12! एवढ्यावरून कोणी आपली औषधे बंद करावीत काय?

आंबट पेयांचे नवल आपल्याला नाही. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते. पीठ भिजवून आंबू द्यायचे, मग शिजवायचे. देवीपुढे ठेवलेल्या त्या वाटीने कोणाचा कर्करोग बरा करण्याची हमी कधी दिली नाही. पोट थंड केले, एवढेच. कोंबुचालाही तेवढ्याच मानाने पाटावर बसवावे. आवडला तर स्वच्छ भांड्यात केलेला, थोडा घ्यावा. गर्भवतींनी आणि आजाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. दिवाळीच्या फराळावर जड झालेल्या पोटाला घोटभर आंबट कोणाला नको असते?