जिन्याच्या पायऱ्या आणि हृदय

श्रमानें हृदय झिजतें, ही समजूत फार जुनी आहे. यंत्र जितकें अधिक चालवावें तितकें लवकर मोडावयाचें, असा तिचा हिशेब. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यास डॉक्टर कित्येक आठवडे अंथरुणावरून हलूं देत नसत आणि पुढेंही जिना चढण्यास मनाई करीत. दुसरी समजूत दिसावयास निरुपद्रवी, पण तितकीच हट्टी : व्यायाम म्हणजे तालमींतला, दंड-बैठकांवांचून जें घडतें तें नुसतें कष्ट.

या दोन्ही समजुतींस धक्का बसला तो लंडनच्या दुमजली बसगाडींत. ब्रिटनमध्यें हृदयविकार वाढत चालला होता. त्याचें कारण माणसाच्या धंद्यांत असेल काय, हा डॉ. जेरी मॉरिस यांचा प्रश्न होता. १९४९ पासून त्यांनीं लंडनच्या वाहतूक संस्थेंतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारें ३१,००० पुरुषांच्या दुखण्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघेही एकाच गाडीवर, एकाच धुरांत व धुक्यांत राबणारे. एक पाळीभर चाकाशीं बसलेला, तर दुसरा तिकिटें देण्याकरितां दिवसाकाठीं पांचशेंहून अधिक पायऱ्या चढणारा. कंडक्टरांत हा विकार कमी, उशिरां आणि सौम्य आढळला. झटक्यानंतर लवकरच मृत्यु येण्याचें प्रमाण तर ड्रायव्हरांच्या निम्म्याहूनही कमी! टपाल वाटीत हिंडणारे पोस्टमन व खुर्चींत बसणारे कारकून यांच्या तुलनेंतही तोच कल दिसला. १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत हें सर्व प्रसिद्ध झालें.

मॉरिस यांची खरी थोरवी मात्र पुढेंच दिसते. मुळांत स्थूल असलेला मनुष्यच ड्रायव्हरची जागा पत्करीत असेल, ही शंका रास्त होती. त्यांनीं गणवेशांचीं मापें मागवलीं. शिवणकामाच्या नोंदींतून वैद्यकाचा पुरावा निघावा, ही गंमतच! ड्रायव्हर कमरेनें खरोखर रुंद निघाले आणि आपल्याच सिद्धान्ताला अडचणीची ही गोष्ट त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं छापून टाकली. परंतु सडपातळांची सडपातळांशीं व स्थूलांची स्थूलांशीं तुलना केली, तरी अंतर उरलेंच.

पुढें १९७३ सालीं बैठें काम करणाऱ्या सरकारी नोकरांचीही तपासणी प्रसिद्ध झाली. फावल्या वेळीं दमछाक होईल असे श्रम करणारांत विकार कमी आढळला. मॉरिस स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही पोहत असत. २००९ सालीं ९९ व्या वर्षीं ते वारले.