मेणवलीचा विटांचा वाडा

पाटोद्याच्या आसपास, बालाघाटाच्या माथ्यावर, जुनीं घरें माळवदांचीं असत. पांढऱ्या मातीचें तें जड छप्पर लांकडी खांबांनीं व तुळयांनीं तोलून धरावें, आणि भिंतीनें मुख्यतः ऊन, वारा व चोर यांस अडवावें, अशी कामाची वांटणी. कृष्णाकांठच्या मेणवलीचा वाडा याहून कितीतरी थोर. तरी त्याची रचना समजण्यास हेंच माळवद उपयोगी पडतें.

वांईनजीकचें मेणवली गांव १७६८ मध्यें नाना फडणविसांस इनाम मिळालें. तेथें त्यांनीं नदीवर घाट, देवळें आणि सहा चौकांचा वाडा बांधविला. खालीं घडीव काळा दगड, वर चपट्या भाजक्या विटा, आंत सागवानी खांब. चपटी वीट आंतपर्यंत सारखी भाजते, आणि दगडाहून हलकी असल्यानें वरच्या मजल्यांस सोयीची पडते. परंतु मोजमाप मात्र विटेचें नव्हे, खांबांचें. खांबांमधील जागा म्हणजे खण. घर किती खणांचें, हेंच विचारलें जाई. वाढवावयाचें तर खण जोडीत जावें, आणि उजेडासाठीं मध्यें चौक सोडावा.

विलायती विटांच्या घरांची तऱ्हा निराळी. लंडनजवळ क्यू येथें १६३१ सालीं बांधलेलें एक घर आहे. त्याच्या भिंतींत प्रत्येक थरास एक वीट लांबीनें व तिच्या शेजारची रुंदीनें, अशी आळीपाळीनें बसविली आहे. त्यामुळें भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींत गुंततात, आणि मजल्यांचा व छपराचा भार त्या जाड भिंतीवरच येतो. तेथें भिंत हेंच घराचें हाड. आपल्या वाड्यांत हाड सागाचें, वीट हें मांस.

हा भेद केवढा, तें शनिवारवाड्यानें दाखविलें. १७३० मध्यें पाया घातलेला तो वाडा फेब्रुवारी १८२८ मध्यें पेटला. तटाच्या विटा अद्याप उभ्या आहेत. आंतील महालांचीं मात्र जोतींच उरलीं. वीट तर भट्टींतूनच निघालेली, तिला आगीचें भय तें काय! पण सागवान जळालें, आणि त्याच्या आधारानें उभें असलेलें सारें खालीं आलें.

मेणवलीवर तो प्रसंग आला नाहीं. नाना १८०० मध्यें वारले, तरी त्यांचे मोडी कागद वाड्यांत राहिले. रावबहादुर पारसनीसांच्या खटपटीनें त्या ‘मेणवली दप्तरा’चा इतिहासास लाभ झाला. शनिवारवाड्यासारखी एक रात्र तेथें उगवती, तर पेशवाईच्या उत्तरकाळाविषयीं आज जें ठाऊक आहे त्यांतील बरेंच अंधारांत राहतें.

अशा वाड्यास आगीइतकाच पावसाचाही धोका असतो. मृगापूर्वी कौलें चाळलीं नाहींत, तर पाणी प्रथम तुळईच्या टोंकांत मुरतें. तें कुजलें कीं भिंतीस पोट येतें, आणि पाहणारा दोष विटेस देतो.