मोर्व्हाँमधील सायकल मार्ग

मोर्व्हाँमधील सायकल मार्ग म्हणजे फ्रान्सच्या बूर्गान्य-फ्रांश-कोंते प्रदेशातील मोर्व्हाँ या डोंगराळ व वनाच्छादित भागातून जाणाऱ्या कमी वर्दळीच्या डांबरी रस्त्यांचे जाळे होय. यांतील बहुतेक रस्ते सायकलींसाठी मुद्दाम बांधलेले नाहीत. विखुरलेल्या वाड्या-वस्त्या, शेती व लाकूड वाहतूक यांच्या गरजेतून ते तयार झाले. पुढे या भागाची लोकसंख्या घटली, दूर पल्ल्याची वाहतूक डोंगराच्या कडेने जाऊ लागली आणि हे रस्ते शांत राहिले. त्यामुळे लांब अंतराच्या सायकल सहलींसाठी हा भाग उपयुक्त ठरला आहे.

भूगोल

मोर्व्हाँ हा मध्य फ्रान्समधील मासिफ सॉंत्राल या पर्वतसमूहाचा ईशान्येकडील, मुख्य भागापासून सुटा झालेला ग्रॅनाइटी उंचवटा आहे. तो न्येव्र, योन, कोत-द'ओर व सोन-ए-ल्वार या चार विभागांत पसरलेला आहे. ओ-फोलें (९०१ मीटर) हे येथील सर्वोच्च शिखर असून मों प्रेनले (८५५ मीटर) व मों बव्रे (८२१ मीटर) ही इतर प्रमुख शिखरे आहेत. सेन नदीला मिळणाऱ्या योन नदीचा उगम मों प्रेनलेच्या उतारावर होतो. १९७० साली या भागात मोर्व्हाँ प्रादेशिक नैसर्गिक उद्यानाची स्थापना झाली. उद्यानाचे मुख्यालय सें-ब्रिसों येथे आहे.

उत्तर कडेला आव्हालोंजवळ भूमी सुमारे २५० मीटर उंचीवर असून दक्षिणेकडे ती चढत जाते. आल्प्ससारखे दीर्घ घाट येथे नाहीत. चढ सहसा काही किलोमीटरांचे असतात, मात्र ते एकामागून एक येतात. ओढ्याच्या तळाशी उतरून लगेच पुढची सोंड चढावी लागते. त्यामुळे एकही मोठा घाट न ओलांडता दिवसभरातील एकूण चढाई बरीच होते. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाटेत हा उंचवटा येत असल्याने आसपासच्या मैदानांपेक्षा येथे पाऊस अधिक पडतो.

रस्त्यांच्या जाळ्याचा इतिहास

ग्रॅनाइटमधून पाणी खोलवर झिरपत नसल्याने मोर्व्हाँमध्ये झरे व ओढे सर्वत्र आढळतात. पाण्यासाठी एकत्र वस्ती करण्याची गरज नसल्याने येथील शेतकरी मोठ्या गावांऐवजी लहान वाड्यांत विखुरले. फ्रान्समध्ये १८३६ च्या कायद्याने गावरस्त्यांच्या देखभालीची जबाबदारी कम्यूनांवर निश्चित झाली. त्यानंतर या वाड्या रस्त्यांनी जोडल्या जाऊ लागल्या. एका कम्यूनमध्ये अनेक वाड्या असल्याने लोकसंख्येच्या मानाने रस्त्यांची लांबी मोठी झाली.

येथील अर्थव्यवस्था दीर्घकाळ पॅरिसवर अवलंबून होती. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मोर्व्हाँतील सरपण योन, क्यूर व त्यांच्या उपनद्यांतून पॅरिसला पाठवले जाई. ओंडक्यांवर मालकाची खूण ठोकून ते ओढ्यांत सोडत, तळ्यांतील पाणी सोडून ते पुढे वाहून नेत आणि क्लामसी येथे त्यांचे तराफे बांधत. १८५८ साली पूर्ण झालेले सेतों धरण याच कामासाठी बांधण्यात आले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा व्यवसाय संपुष्टात आला. एकोणिसाव्या शतकात येथील अनेक स्त्रिया अंगावर पाजणाऱ्या दाया म्हणून पॅरिसमधील कुटुंबांत जात, तर पॅरिसमधील अनाथ व निराधार मुले सांभाळण्यासाठी येथील शेतकरी कुटुंबांकडे पाठवली जात. आलिन्यी-आँ-मोर्व्हाँ येथील संग्रहालय या विषयाला वाहिलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कामासाठी स्थलांतर वाढले व लोकसंख्या घटत गेली. पॅरिस–ल्यों हा ए ६ द्रुतगती मार्ग मोर्व्हाँच्या पूर्वेकडून काढण्यात आल्याने सोल्योमधून जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय मार्गावरील दूर पल्ल्याची वाहतूकही कमी झाली. माणसे व वाहने कमी झाली, तरी वाड्यांना जोडणारे रस्ते मात्र कायम राहिले.

प्रमुख मार्ग

आव्हालों ते वेझले: आव्हालोंच्या तटबंदीखाली कुझें नदीची अरुंद, दाट झाडीची दरी आहे. नदीलगतचा रस्ता जुन्या पाणचक्क्यांजवळून पोंतोबेरकडे जातो. तेथून सें-पेरमार्गे वेझलेची टेकडी गाठता येते. एकूण अंतर सुमारे १५ किमी असून शेवटचा चढ तीव्र आहे. वेझले येथील संत मेरी मॅग्डालिनची बॅसिलिका १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मोर्व्हाँची ओळख करून घेण्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

उत्तरेकडील वनमार्ग: आव्हालोंच्या दक्षिणेस कारे-ले-तोंब हे गाव असून तेथील चर्चभोवती दगडी शवपेट्यांची रांग आहे. येथून सें-लेझे-व्होबाँ या दुर्गस्थापत्यकार व्होबाँच्या जन्मगावाकडे, १८५० साली स्थापन झालेल्या पिएर-की-व्हीर मठाकडे व पुढे सेंत-आन्याँ जलाशयाकडे लहान रस्ते जातात.

सेतों जलाशय परिसर: मोंसोश-ले-सेतोंजवळील या जलाशयाला सुमारे १५ किमीची प्रदक्षिणा घालता येते. उन्हाळ्यात काठावर पर्यटकांची वर्दळ असते, परंतु गुलूचा धबधबा किंवा पानसिएर जलाशय यांच्याकडे जाणारे रस्ते त्या काळातही तुलनेने मोकळे असतात. पानसिएर धरण १९४९ साली पूर्ण झाले असून सेन नदीच्या प्रवाहाचे नियमन हा त्याचा मुख्य उद्देश आहे.

शातो-शिनों ते ओतें, उंच भागातून: या दोन शहरांना जोडणारा डी ९७८ हा मोर्व्हाँतील जास्त वाहतुकीचा रस्ता आहे. त्याऐवजी आर्लेफ व ग्लू-आँ-ग्लेनमार्गे गेल्यास ओ-फोलें व मों बव्रे यांच्या परिसरातील बीच व सूचिपर्णी वनांतून जाता येते. मों बव्रेवर एदुई या गॉल जमातीची राजधानी बिब्राक्त होती. इ.स.पू. ५२ मध्ये येथेच व्हर्सिंजेटोरिक्सच्या नेतृत्वावर गॉल जमातींनी शिक्कामोर्तब केले. पायथ्याशी संग्रहालय आहे. सर्व मार्गांत हा सर्वांत कठीण मानावा लागेल.

पश्चिम कडेचा सपाट पर्याय: ओसेर ते दसीझ असा १७४ किमी लांबीचा निव्हेर्ने कालवा मोर्व्हाँच्या पश्चिमेकडून जातो. कालव्याकाठचा मार्ग सपाट असल्याने डोंगरी मार्गांना तो जोडून घेता येतो.

युद्धकालीन स्मृतिस्थळे

दुसऱ्या महायुद्धात मोर्व्हाँच्या वनांत प्रतिकार चळवळीचे अनेक गट सक्रिय होते. जून १९४४ मध्ये जर्मन सैन्याने मोंसोश व प्लाँशे ही गावे जाळली आणि दें-ले-प्लास येथे २७ जणांची हत्या केली. लहान रस्त्यांच्या कडेला या काळातील स्मृतिशिळा आढळतात. सें-ब्रिसों येथे प्रतिकार चळवळीचे संग्रहालय आहे.

सायकल शर्यती

तूर द फ्रान्स या शर्यतीत २००७ चा शाब्ली–ओतें हा टप्पा मोर्व्हाँतून गेला. तो इटलीच्या फिलिप्पो पोझ्झातोने जिंकला. २०२१ साली व्हिएरझों ते ल क्रझो हा सुमारे २४९ किमीचा टप्पा शातो-शिनोंमार्गे गेला व स्लोव्हेनियाच्या माते मोहोरिचने जिंकला.

प्रवासविषयक माहिती

आव्हालों व कोर्बिन्यी येथपर्यंत प्रादेशिक रेल्वेने पोहोचता येते. अनेक वाड्यांत दुकान किंवा उपाहारगृह उरलेले नाही. त्यामुळे खाद्यपदार्थ शातो-शिनों, सोल्यो, लोर्म यांसारख्या मोठ्या गावांतून सोबत घ्यावे लागतात. पिण्याच्या पाण्यासाठी सायकलस्वार बहुधा गावच्या दफनभूमीतील नळाचा उपयोग करतात.

फ्रान्समध्ये वस्तीबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किमान १.५ मीटर, तर वस्तीत १ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. रात्री किंवा धुक्यात वस्तीबाहेर सायकल चालवताना परावर्तक जाकीट घालावे लागते. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेटची सक्ती आहे. शरद ऋतूत व हिवाळ्यात वनांत शिकारीचा हंगाम असतो. पानगळीनंतर सावलीतील वळणे निसरडी होतात, तर उन्हाळ्यात डांबरीकरण झालेल्या रस्त्यांवर सुटी बारीक खडी असते.

वने, लाकूडतोड व रस्ते

मोर्व्हाँचा जवळपास निम्मा भाग वनाखाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शासकीय वनीकरण निधीच्या साहाय्याने ओक व बीचची पानझडी वने, तसेच ओस पडलेली शेते यांच्या जागी सूचिपर्णी वृक्षांची, विशेषतः मूळच्या उत्तर अमेरिकेतील डग्लस फरची, मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. ही झाडे आता तोडणीयोग्य झाली असून संपूर्ण उतार एकाच वेळी मोकळे करण्याच्या पद्धतीवर स्थानिक पातळीवर वाद आहे. पानझडी वने विकत घेऊन राखण्यासाठी २००३ साली नागरिकांनी एक वनगटही स्थापन केला.

या वादाचा रस्त्यांशी थेट संबंध आहे. लाकडाचे अवजड ट्रक याच अरुंद रस्त्यांवरून जातात. तोडणीच्या ठिकाणी डांबराच्या कडा खचतात आणि रस्त्यावर चिखल व सालींचे तुकडे पसरतात. तोडलेल्या उतारांजवळ पूर्वी सावलीत असलेला चढ उघडा पडतो. दुसरीकडे, लाकूड व्यवसाय हा या विरळ वस्तीच्या भागातील रोजगाराचा एक प्रमुख आधार आहे. रस्त्यांची देखभाल विभाग व लहान कम्यूनांकडे असून घटत्या लोकसंख्येमुळे त्यांच्या आर्थिक मर्यादा स्पष्ट आहेत. ज्या घटीमुळे हे रस्ते शांत राहिले, तिच्यामुळेच ते सुस्थितीत राखणे कठीण होत आहे.