खेळाचे मैदान आणि आईचा हक्क

दिवस गेलेल्या खेळाडूने फुटबॉल खेळावा की नाही, हा प्रश्न चिंचोटीच्या श्रोत्यांना दूरदेशीचा वाटेल. पण आम्ही कामगार चळवळीतले लोक. आम्हांला त्यात कारखान्यातलाच जुना प्रश्न दिसतो : निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची?

इंग्लंडात प्रेस्टन येथे पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनविणाऱ्या डिक-केर कारखान्यातील कामगार मुलींनी १९१७ साली फुटबॉलचा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० माणसे लोटली. पुढच्याच डिसेंबरात फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना मानवत नाही असे ठरवून आपली मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. काळजीचे नाव पुढे करून हक्क काढून घेतात तो असा!

आपल्या गिरण्यांत नेमके उलट होते. गरोदर बाईला कोणी थांब म्हणत नसे. थांबली तर मजुरी बुडे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. ते संमत झाले नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी अशाच विधेयकाची बाजू मांडली : आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे आणि मालकानेही भार उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, १९६१ साली देशाचा झाला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांवर गेली.

फुटबॉलला हे शहाणपण २०२१ साली सुचले. जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, करारबद्ध खेळाडूस किमान १४ आठवड्यांची रजा आणि दोनतृतीयांश पगार ठरविला. डॉक्टरांनी धोका नाही असे सांगितल्यास खेळत राहण्याचा हक्क तिला दिला. खेळायचे नसल्यास क्लबाने दुसरे काम द्यावे, असेही ठरले. आइसलंडच्या सारा गुन्नार्सदोत्तिर यांचा गरोदरपणातला पगार फ्रान्सच्या लियों क्लबाने पुरता दिला नव्हता. २०२२ साली फिफाच्या न्यायाधिकरणाने त्यांना ८२,००० युरोंहून अधिक थकबाकी देवविली.

डॉक्टर चालणे, पोहणे, हलका सराव चांगला म्हणतात. पण फुटबॉलमध्ये पोटाला मार बसण्याचे भय असते, म्हणून सामने टाळावेत असा त्यांचा सल्ला असतो. हा सल्ला मानणे पगार बुडण्याची धास्ती नसलेल्या बाईलाच सोपे जाते. जिची चूल त्याच पगारावर पेटते, तिला दुखणे लपवून मैदानात, किंवा यंत्रापुढे, उभे राहावे लागते. म्हणून आम्ही म्हणतो, आधी पगाराची हमी द्या. मग खेळायचे की थांबायचे ते तिचे तिला ठरवू द्या.