ज्यो लुईस : एका मुष्टियोद्ध्याची कीर्ती आणि कर्ज

१९३८ सालच्या जून महिन्याच्या २२ तारखेची रात्र. न्यूयॉर्क शहरातील यांकी स्टेडियम या विस्तीर्ण क्रीडांगणात सत्तर हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने बसली होती, आणि त्यांच्या कितीतरी पट लोक देशोदेशी नभोवाणी यंत्रापाशी कान लावून बसले होते. मधल्या चौकोनी रिंगणात दोन पुरुष समोरासमोर उभे होते. एक अमेरिकेतील कृष्णवर्णी तरुण ज्यो लुईस. दुसरा जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. पंधरा फेऱ्यांचा म्हणून ठरलेला हा सामना पहिल्याच फेरीत, अवघ्या १२४ सेकंदांत आटोपला. तेवढ्या वेळात श्मेलिंग तीनदा जमिनीवर पडला. दोन राष्ट्रांचा जणू निकाल लागला अशा भावनेने अमेरिकेतील नगरे त्या रात्री रस्त्यावर लोटली.

या १२४ सेकंदांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु त्यांतून विजयी झालेल्या पुरुषाचे पुढे काय झाले, ही हकिकत तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. समाज आपल्या वीराकडून काय घेतो आणि त्याला परत काय देतो, याचा हिशेब ज्यो लुईसच्या चरित्रात जितका उघड मांडलेला दिसतो, तितका क्वचितच कोठे आढळेल.

ज्योसेफ लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा संस्थानात झाला. त्याचे आजे गुलामगिरीत जन्मलेले. आईबाप अर्धेलीने कापसाची जमीन कसणारे. आठ भावंडांत तो सातवा. तो दोनेक वर्षांचा असतानाच वडिलांना मनोविकारामुळे इस्पितळात ठेवावे लागले आणि संसाराचा सारा भार आई लिली हिच्यावर पडला. तिने पुढे दुसरा विवाह केला, आणि १९२६ साली हे कुटुंब पोटासाठी उत्तरेकडील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरी येऊन राहिले. दक्षिणेतील जुलूम आणि दारिद्र्य यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णी कुटुंबे त्या काळी अशीच उत्तरेची वाट धरीत होती.

शाळेत ज्योची प्रगती बेताचीच होती. सुतारकाम शिकावे म्हणून त्याला धंदेशिक्षणाच्या शाळेत घातले. आईची हौस अशी की, मुलाने व्हायोलिन वाजवावे. त्या शिकवणीसाठी तिने दिलेले पैसे मुलाने मुष्टियुद्धाच्या तालमीची वर्गणी भरण्यात खर्च केले, आणि व्हायोलिनच्या पेटीत मुष्टियुद्धाचे हातमोजे लपवून नेले, अशी आख्यायिका आहे. १९३४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने हौशी खेळाडूंचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. आणि त्याच वर्षी ४ जुलै रोजी शिकागो येथे तो धंदेवाईक मुष्टियोद्धा म्हणून प्रथम रिंगणात उतरला. प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत गारद झाला. त्या दिवशीची कमाई ५९ डॉलर.

येथे थोडा मागील इतिहास सांगणे अवश्य आहे. सर्वांत जड वजनाच्या, म्हणजे हेवीवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद १९०८ साली सिडनी येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी योद्ध्याने प्रथम जिंकले. जॉन्सन मोठा तालेवार आणि बेफिकीर. तो प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसे, उंची मोटारी उडवी, आणि गौरवर्णी स्त्रियांशी त्याने उघडपणे विवाह केले. १९१० साली रेनो येथे त्याने माजी अजिंक्यवीर जेफ्रीझ यास पराभूत करताच अमेरिकेत जागोजाग दंगे उसळून माणसे मेली. १९१३ साली एका कायद्याचा ओढूनताणून अर्थ लावून त्याला दोषी ठरवण्यात आले. त्या शिक्षेची माफी मिळाली ती २०१८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी! १९१५ साली जॉन्सन हरला, आणि तेव्हापासून बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णी योद्ध्यास या पदासाठी लढण्याची संधी दिली गेली नाही.

हा इतिहास लुईसच्या पाठीराख्यांना पुरता ठाऊक होता. जॉन रॉक्सबरो आणि ज्यूलियन ब्लॅक हे त्याचे दोघे व्यवस्थापक आणि जॅक ब्लॅकबर्न हा त्याचा गुरू, तिघेही कृष्णवर्णीच. त्यांनी या तरुणास वर्तनाचे काटेकोर नियम घालून दिले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवायचा नाही. गौरवर्णी स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. बोलायचे कमी आणि वागायचे स्वच्छ. लुईसचा तो निर्विकार, दगडी चेहरा पुढे जगप्रसिद्ध झाला. त्यात काही अंशी त्याचा मूळचा अबोल स्वभाव असेल. पण काही अंशी ती शिकवून तयार केलेली ढाल होती. वीस वर्षांच्या पोराला हसण्याचीही चोरी होती.

नियम पाळल्याचे फळ मिळाले. १९३५ साली त्याने प्रायमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी अजिंक्यवीरांना लोळवले. पैसा येऊ लागला तेव्हा त्याने एक गोष्ट केली, तिची नोंद घेतली पाहिजे. मंदीच्या दिवसांत त्याच्या कुटुंबाला सरकारी मदतीवर काही काळ काढावा लागला होता. ती सुमारे २७० डॉलरांची रक्कम त्याने सरकारला परत केली. तसे करण्यास कोणीही त्याला सांगितले नव्हते.

पहिला आघात झाला तो १९ जून १९३६ रोजी. श्मेलिंगने लुईसच्या खेळाचा बारकाईने अभ्यास केला होता. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर हा तरुण तो हात खाली सोडतो, हे वैगुण्य त्याच्या नजरेने टिपले, आणि त्या फटीतून उजव्या हाताचे प्रहार करून बाराव्या फेरीत त्याने लुईसला झोपवले. जर्मनीच्या नात्झी पुढाऱ्यांनी या विजयाचा डंका आर्य वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून पिटला. अमेरिकेतील कृष्णवर्णी वस्त्यांत त्या रात्री सुतक पडले. पण लुईसने दोष ओळखून तो सुधारला. पुढील वर्षी, २२ जून १९३७ रोजी, शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पराभूत करून तो जगज्जेता झाला. आणि त्यानंतर बरोबर एक वर्षाने आरंभी वर्णिलेला तो सामना झाला.

त्या सामन्यात श्मेलिंग नात्झी राज्याचा प्रतिनिधी ठरला खरा. पण तो स्वतः नात्झी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही. त्याचा व्यवस्थापक ज्यो जेकब्स हा ज्यू होता, आणि दडपण येऊनही श्मेलिंगने त्याला सोडले नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंची घरे-दुकाने फोडली जात असताना याच श्मेलिंगने दोन ज्यू मुलांना आपल्या हॉटेलातील खोलीत लपवून वाचवले, ही गोष्ट जगाला कळली ती पन्नास वर्षांनी. इकडे लुईस लोकशाहीचा प्रतिनिधी ठरला. पण त्या लोकशाहीत त्याच्या जन्मग्रामी त्याच्या जातभाईंना मताचा अधिकार बजावणे अशक्यप्राय होते. दोघांच्याही अंगावर दुसऱ्यांनी झेंडे पांघरले होते.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली. दुसऱ्याच महिन्यात, ९ जानेवारी १९४२ रोजी, लुईसने आपले अजिंक्यपद पणाला लावून बडी बेअरशी सामना केला आणि त्याची कमाई आरमाराच्या साहाय्यनिधीला देऊन टाकली. ज्या आरमारात त्या काळी कृष्णवर्णी माणसाला वाढप्यापलीकडे फारसे काम दिले जात नसे, त्या आरमाराला! ‘तुम्ही फुकट का लढता?’ असे लोकांनी विचारले, तेव्हा आपण फुकट लढत नसून आपल्या देशासाठी लढत आहोत, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. लगोलग तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला; पगार महिना २१ डॉलर. मार्चमध्ये त्याने दुसरा सामना केला आणि ती कमाई भूदलाच्या निधीस दिली. दोन्ही मिळून ऐंशी हजार डॉलरांहून अधिक रक्कम त्याने दिली.

सैन्यात त्याने सुमारे वीस लाख सैनिकांपुढे प्रदर्शनीय सामने करून दाखवले. कृष्णवर्णी शिपायांना वेगळे बसवणार असाल तर आपण खेळणार नाही, असे तो सांगे. फोर्ट रायली येथील छावणीत काही सुशिक्षित कृष्णवर्णी तरुणांचे अधिकारी-शिक्षणासाठीचे अर्ज अडकवून ठेवले होते. लुईसने युद्धखात्यातील आपल्या ओळखीच्या एका कृष्णवर्णी सल्लागाराच्या कानावर ही गोष्ट घातली आणि वाट मोकळी झाली. त्या तरुणांपैकी एक जॅकी रॉबिन्सन. १९४७ साली प्रमुख बेसबॉल संघात शिरून खेळातील वर्णभेदाची भिंत प्रथम फोडणारा तो हाच. मूठ न उगारता लुईसने जिंकलेली ही लढाई त्याच्या कोणत्याही सामन्याहून लहान नव्हती.

मात्र याच काळात त्याच्या घरचा हिशेब बिघडत चालला. सैन्यात असताना आप्तेष्टांचा आणि आश्रितांचा खर्च चालवण्यासाठी तो व्यवस्थापकांकडून उचल घेत राहिला. हात सैल, मन भोळे. मागेल त्याला तो देई. अयशस्वी धंद्यांत पैसा घालण्याची आणि गोल्फवर पैजा लावण्याची खोडही त्याला होती. मिळकतीचे मोठे भाग व्यवस्थापक आणि सामने भरवणारे घेत, आणि कराचे कागद नीट ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही. १९४६ साली बिली कॉनबरोबरच्या सामन्यात लुईसच्या वाट्यास सहा लाख डॉलरांहून अधिक आले. ते मागील उचल, वाटण्या आणि कर यांत विरघळून गेले.

मग सरकारच्या करखात्याने मागील वर्षांचे हिशेब उघडले. सैनिकनिधीस दिलेली रक्कमही त्याचेच उत्पन्न धरण्यात आली. त्या काळी अमेरिकेत कराचा सर्वोच्च दर शेकडा नव्वदांच्या वर गेला होता. बाकीवर व्याज, व्याजावर दंड, असे होता होता १९५० नंतरच्या दशकात हे ओझे दहा लाख डॉलरांपलीकडे गेले. जुने देणे फेडण्यासाठी जे मिळवावे, त्यावर नवा कर बसे. ही विहीर अशी होती की, वर चढण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक पायरीने ती अधिकच खोल व्हावी.

१ मार्च १९४९ रोजी लुईसने अजिंक्यवीर म्हणूनच निवृत्ती पत्करली होती. जवळजवळ पावणेबारा वर्षे त्याने ते पद राखले आणि २५ वेळा त्याचे रक्षण केले. हेवीवेट गटातील हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. परंतु कर्जाने त्याला पुन्हा रिंगणात ओढले. १९५० साली तो एझर्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, सदतिसाव्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांच्या बाहेर भिरकावले. लहानपणापासून लुईसला आदर्श मानणारा मार्सियानो त्या विजयानंतर रडला, असे सांगतात. एकूण ६९ सामन्यांत लुईस तीनदाच हरला; त्यांतील दोन पराभव निवृत्ती मोडल्यानंतरचे.

१९५३ साली त्याची आई वारली. तिने मागे ठेवलेले त्याच्या वाट्याचे सहाएकशे डॉलरही करखात्याने उचलले. १९५६ साली जगज्जेता लुईस तिकिटे लावून होणाऱ्या दिखाऊ कुस्त्या करू लागला. त्यांत एका अगडबंब पहिलवानाच्या पायाखाली सापडून त्याच्या बरगड्यांना व हृदयाला इजा झाली. पुढे सरकारने जुनी बाकी वसूल करण्याचा नाद सोडला; पण तोवर माणूस खचला होता. १९७० साली काही महिने त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात काढावे लागले. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने लास व्हेगासच्या एका प्रसिद्ध जुगारगृहात येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करण्यात घालवली.

या काळात त्याला न विसरणाऱ्यांत एक होता मॅक्स श्मेलिंग. युद्धानंतर व्यापारात बरकत आलेला हा जुना प्रतिस्पर्धी १९५४ साली शिकागोस येऊन लुईसला भेटला, आणि तेथून दोघांचा स्नेह जडला तो अखेरपर्यंत. १२ एप्रिल १९८१ रोजी लुईसचे निधन झाले. अध्यक्ष रेगन यांनी नियमास अपवाद करून वीर सैनिकांच्या आर्लिंग्टन येथील स्मशानभूमीत त्याचे दफन करण्यास परवानगी दिली. अंत्यसंस्काराच्या खर्चात श्मेलिंगनेही आपला वाटा उचलला.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. लुईसच्या बाबतीत कायद्याने काही बेकायदा केले असे नाही. करखात्यातील कारकून आपले काम करीत होता, आणि लुईसचा निष्काळजीपणाही लपवण्याजोगा नाही. परंतु राष्ट्राच्या दोन हातांपैकी एकाने दान स्वीकारावे आणि दुसऱ्याने त्याच दानाचा कर मागावा, यात विसंगती आहे हे ओळखून ती दूर करणारा माणूस वर्षानुवर्षे त्या राज्यात निघाला नाही. कवचकुंडले मागून नेणाऱ्या इंद्राने कर्णाला निदान शक्ती तरी दिली होती.

१९८६ साली डेट्रॉइट शहरात त्याच्या या पुत्राचे स्मारक उभारले गेले. चोवीस फूट लांबीचा, कांस्याचा एक प्रचंड हात आणि त्याची वळलेली मूठ अधांतरी टांगलेली आहे. त्या स्मारकाला चेहरा नाही. शिल्पकाराचा हेतू सामर्थ्य दाखवण्याचा होता, आणि ते त्याने उत्तम दाखवले आहे. तथापि ज्यो लुईसचे सारे चरित्र ज्याला ठाऊक आहे, त्याला तेथे उभे राहिल्यावर असेच वाटेल की, जगाने या पुरुषाची मूठ तेवढी ठेवून घेतली. ती उघडून तो जे देत होता, त्याचे स्मारक अजून व्हावयाचे आहे.